कान्गेलोपुढचं प्रश्नचिन्ह

भांडुप, मंगळवार, ११ नोव्हेंबर

मॅडम,

सुरुवातीला नमस्कार लिहिला होता, तो कागद फाडला. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, त्यामुळे पत्राशिवाय रस्ता नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, भांडुपहून मुलुंडला पत्र? दोन स्टेशनं तर आहेत, जाऊन ये ना. मी म्हटलं, पाय मुरगळलाय. पाय ठणठणीत आहे.

मी श्रुतिका. तुमच्या शनिवारच्या स्पॅनिशच्या वर्गात खिडकीजवळ बसायची ती. तुमची शब्दांची वही माझ्याकडे आहे. वाचायला म्हणून नेली होती, मग गोकर्णला जाणं झालं, तिथून पुढे आणखी पुढे, आणि अडीच वर्षं गेली. एकदा भिजली, दोन पानं चिकटलीत. बाकी तुमचं बारीक पेन्सिलीतलं अक्षर जसंच्या तसं आहे. वहीबद्दल नंतर. आधी मी काय करून बसलेय ते सांगते, नाहीतर नेहमीसारखी भलतीकडे जाईन.

अंधेरीला एमआयडीसीत मला काम लागलंय, स्पॅनिश ऐकायचं. स्पेनमध्ये बायकांसाठी एक ॲप आहे. भीती वाटली की बटण दाबायचं, फोन चाळीस सेकंद आजूबाजूचं ऐकतो. पुढेमागे यंत्रानेच आवाजावरून ओळखावं की ही खरंच संकटात आहे की चुकून बटण दाबलं गेलंय. त्या यंत्राला शिकवायला आम्ही क्लिप ऐकतो आणि शेरा देतो. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे काही नाही. क्लिप संपली की दहा सेकंद मिळतात. त्यात काहीच दाबलं नाही तर आपोआप हिरवा पडतो. नाव, गाव काही दिसत नाही, नुसता चौदा आकडी नंबर. दिवसाला तीनशे क्लिप.

गेल्या बुधवारी एक क्लिप आली. बाई माझ्या आईच्या वयाची असावी, आवाज घोगरा. हसत हसत कुणाला तरी म्हणत होती, चावाल, मस्करी पुरे, दार उघड, मला कान्गेलो सुटायला लागलाय.

कान्गेलो, मॅडम. तुमच्या वहीत एकविसाव्या पानावर आहे. ‘भीती. रस्त्यावरची बोली. जितानो लोकांच्या कालो भाषेतून. मूळ अर्थ वास मारणं. संस्कृत गंध?’ आणि ते प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं. तुम्ही वर्गात सांगायचात ना, हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेली ही जितानो माणसं इराण, आर्मेनिया, ग्रीकांचा मुलूख करत करत स्पेनला पोचली, आणि वाटेत काय काय टाकलं तरी काही शब्द त्यांनी टाकले नाहीत. तो शब्द मी अंधेरीत हेडफोनवर जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला. चावाल पण होताच, आपल्या छाव्याचा लांबचा भाऊ. मला इतका आनंद झाला की मी वही काढली आणि लिहायला लागले. तारीख, नंबर, शब्द. मान वर केली तेव्हा पुढची क्लिप चालू होती.

त्या बाईच्या क्लिपवर हिरवा पडला.

मग मला उरलेला आवाज आठवायला लागला. कानात गेला होता, डोक्यात गेला नव्हता. कुत्रा अंगावर यायला लागला की माणूस ‘ए, जा ना, जा’ करत हसतो ना, ती तशी हसत होती. शेवटी कडी सरकल्याचा आवाज आला आणि हसणं मध्येच तुटलं. मग नुसता श्वास. संपलं.

गेलेली क्लिप आम्हाला परत उघडता येत नाही. आज सहावा दिवस. तुम्हीच सांगा, कान्गेलो म्हणजे केवढी भीती असते? थट्टेत म्हणतात ती, की दुसरी?

श्रुतिका


भांडुप, गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅडम,

माझं पत्र तुम्हाला मिळालंही नसेल, मी दुसरं लिहायला बसले. थांबता येत नाही.

काल टीम लीडरला विचारलं. धवल म्हणून आहे, घाटकोपरचा, वाईट माणूस नाही. स्वतःच्या डब्यातले ठेपले सगळ्यांना वाटतो. सरळ नाही विचारलं, आडून विचारलं.

“आपल्या क्लिप आजच्या असतात का रे?”

“नाही गं, जुन्या. यंत्राला शिकवायला.”

“किती जुन्या?”

“मला काय माहीत यार. जुन्या. का?”

“सहज.”

“सहज कोण विचारतं? तुझा आकडा घसरलाय कालपासून. प्रत्येक क्लिपवर बसून राहतेस. झोपतेस ना नीट?”

मी हो म्हटलं. त्याने ठेपला पुढे केला. जुन्या म्हणजे काय, मॅडम? कालची क्लिपही जुनीच, आणि आठवड्यापूर्वीचीही जुनीच.

सरळ का विचारलं नाही ते सांगते. आमच्या फ्लोअरवर कागद चालत नाही. फोन, पेन, चिठ्ठी, काही नाही. गेटवर शकु म्हणून गार्ड आहे, ती बायकांच्या पर्स तपासते. पॅडचं पाकीट मात्र ती उघडत नाही, नुसतं दाबून बघते आणि जा म्हणते. तुमची वही लांबट, पातळ, त्या पाकिटात बरोबर मावते, सोबत पेनाची नुसती रिफिल. तीन महिने रोज अशी नेतेय. कामाला लागताना एका कागदावर सही घेतली होती, त्यात कोर्ट हा शब्द चार वेळा होता, मी मोजला होता. धवलला क्लिप दाखव म्हणायचं तर नंबर सांगावा लागेल, आणि चौदा आकडे तुला पाठ कसे, असं तो विचारणारच.

आणखी एक गोष्ट. आम्हाला शेऱ्यांचा एक तक्ता दिलाय. त्यात एक ओळ अशी: बोलीभाषा, शिव्या, चेष्टामस्करी असेल तर हिरवा. मला पहिल्या दिवशी ते पटलं होतं. घाबरलेला माणूस कशाला टपोरी बोलेल?

काल बसमध्ये तुमची वही चाळत होते. समासात तुम्ही लिहिलंय, ‘१७४९. राजाच्या हुकमाने देशभर एकाच वेळी जितानोंची धरपकड. पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे.’ आणि त्याखाली, ‘भाषेवर बंदी आधीपासूनच. म्हणून शब्द तुरुंगात, बाजारात, तबेल्यात लपून राहिले. शिपायाला कळू नये म्हणून बोललेले शब्द आज पोरं मजेत बोलतात.’ हे मी निदान वीस वेळा वाचलं असेल. गोकर्णला स्पॅनिश पोरांना वाचून पण दाखवलं होतं. त्यांना मजा वाटली, मला पण वाटली होती.

आता ते तक्त्यातल्या त्या ओळीशेजारी ठेवून वाचलं. जे बोलणं मुळात भीतीपायी तयार झालं, ते ऐकू आलं की आम्ही हिरवा देतो.

बस पवईला कधी पोचली कळलंच नाही. भांडुपऐवजी कांजूरला उतरले. एवढं काही नाही, चालत आले.

श्रुतिका


भांडुप, सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडम,

शनिवारी मी तुमच्याकडे आले होते. चौथ्या मजल्यापर्यंत. दारावर नवीन पाटी आहे, उत्तरा मोडक, फक्त मराठीत. आतून तुमचा आवाज येत होता, “परत म्हण. घाई नको. परत.” कोणीतरी पोरगी परत म्हणत होती आणि परत चुकत होती. बेलवर बोट ठेवलं होतं. मग लिफ्टचं दार वाजलं आणि मी जिन्याने पळाले. तुमच्या खालच्या मजल्यावर कोणीतरी मेथी निवडत बसलं होतं, त्यांनी विचारलं कोण पाहिजे, मी म्हटलं चुकून आले.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलंय. वही वाचायला नेली नव्हती. चोरली. तुम्ही चहा टाकायला आत गेलात, मी कपाटाच्या दुसऱ्या खणातून काढली आणि कुर्त्यात घातली. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, “श्रुतिका, तुझं एका जागी लक्ष राहील त्या दिवशी मी पेढे वाटेन,” आणि मी हसले, आणि वही माझ्या पोटाला टोचत होती. वीस वर्षं रोज ट्रॉम्बेच्या नोकरीवरून परत आल्यावर तुम्ही एकेक शब्द त्यात लिहिलात, हे मला माहीत होतं. म्हणूनच घेतली. मला वाटलं, ही माझ्याकडे असली की मी पण कोणीतरी होईन.

आता दुसरी गोष्ट, ती यापेक्षा वाईट.

वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी तीन महिने लिहीत आलेय. तुमचा एखादा शब्द क्लिपमध्ये ऐकू आला की क्लिपचा नंबर आणि शब्द. चावाल, लाचे, कान्गेलो, चोरार, मला सापडतील ते सगळे. काल मोजल्या, एकसष्ट क्लिप. तुम्हाला एक दिवस वही परत देताना दाखवायच्या होत्या, म्हणजे तुमचं प्रश्नचिन्ह काढता आलं असतं. बघा मॅडम, लोक बोलतात अजून, ऐकलंय मी. आणि त्या एकसष्टमधल्या बहुतेकींवर मी हिरवा दिलाय. तक्त्याप्रमाणे. काही ठिकाणी लिहिता लिहिता वेळच संपला. त्या बायका काय म्हणत होत्या ते मला आठवत नाही. शब्द तेवढे आठवतात.

आई काल माझ्या उशीचा अभ्रा काढत होती. नाकाशी नेला आणि म्हणाली, “काय गो, अंगाक ताप आसा काय तुझ्या? कसलो वास येता ह्यो?” मी म्हटलं, घाम आहे. ती म्हणाली, “घामाचो वास माका म्हायती आसा. ह्यो येगळो.” मग कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ऑफिसात पण हेडफोनचा स्पंज ओला होतो आणि त्याला तो वास येतो. एकविसाव्या पानावर तुम्ही ‘वास मारणं’ लिहिलंय, तिथे मी आता बोट ठेवत नाही.

आज कामावर जायला निघाले आणि आरेच्या बसमध्ये बसले. जायचं नव्हतं, बस समोर आली म्हणून. शेजारी गवताचा भारा घेऊन एक मावशी होत्या, त्यांनी पाच मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोणी मागं लागलंय का, बाळ?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग अशी दाराकडं काय बघत्येस सारखी?” तबेल्यांपाशी उतरल्या. जाताना ड्रायव्हरला सांगून गेल्या, हिला नीट उतरव.

मी ठरवलंय. म्हणजे बसमध्ये ठरवलं, उतरेपर्यंत ढिलं झालं, आता परत ठरवतेय. उद्या धवलला सांगणार.

तुमची वही जाईल, मॅडम. फ्लोअरवर सापडलेला कागद ते ठेवून घेतात. मागची पानं फाडून तेवढीच द्यावीत, असं मनात आलं होतं. पण शाई ओली असताना मी वही मिटत आले, माझे अर्धे नंबर तुमच्या पानांवर उमटलेत आणि उरलेले तुमच्या समासात लिहिलेत, जागा संपली तेव्हा. वेगळं करता येत नाही.

श्रुतिका


भांडुप, शनिवार, २२ नोव्हेंबर

मॅडम,

सांगितलं. मंगळवारी नाही, बुधवारी. मंगळवारी शकु रजेवर होती, ते निमित्त पुरलं.

मीटिंग रूममध्ये पाकिटातून वही काढून टेबलावर ठेवली. धवलने आधी ते पाकीट बघितलं आणि मान वळवली. मग वही बघितली.

“हे काय आहे?”

“वही.”

“ते दिसतंय. फ्लोअरवर कशी आली?”

मी सगळं सांगितलं. शब्द, नंबर, कान्गेलो, कडीचा आवाज. तो ऐकून घेत होता. मधेच त्याने उठून काचेचा पडदा ओढला.

“श्रुती, वेडी आहेस का तू? तुझ्यासोबत माझी पण वाट लागेल.”

“ती क्लिप कधीची आहे तेवढं बघ. मग काय करायचं ते कर.”

त्याने लॅपटॉप उघडला. नंबर मी वाचला, चौदा आकडे, दोनदा. माझे हात टेबलाखाली होते. त्याच्या पडद्यावर तारीख दिसते, आमच्या नाही.

“गेल्या वर्षीची. मार्च.” त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. “बघ. वीस महिने झाले. जे व्हायचं ते तेव्हाच झालं असेल ना. तू कशाला घाबरतेस?”

तो मला धीर देत होता, मॅडम. खरंच. पाणी पण आणून दिलं.

मी पाणी प्यायले आणि विचारलं, मग यंत्र काय शिकलं? तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, मी हिरवा दिला. उद्या दुसरी कोणी अशीच हसत, असंच बोलत बटण दाबेल, तेव्हा यंत्र तिला काय म्हणेल?

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाला, “एकच क्लिप आहे ना?”

मी वही उलटी करून मागची पानं दाखवली.

हिरव्या क्लिपचं बोलणं कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे शब्दावरून त्या शोधता येत नाहीत. हजारोंमधून या एकसष्ट निवडायला जगात एवढा एकच कागद आहे. धवलने वर फोन केला, बाहेर जाऊन, बराच वेळ. आत आला तेव्हा कपाळावर घाम होता. सोमवारपासून मी त्याच्या शेजारी बसून त्या सगळ्या परत ऐकायच्या. वही टेबलावर राहील. त्या संपल्या की माझी नोकरीही संपली. तक्त्यातल्या त्या ओळीचं काय, विचारलं, तर म्हणाला, लिहून कळवलंय.

उद्या रविवार. मला वाटलं होतं सांगून टाकल्यावर भीती जाईल. एकसष्ट जणी आहेत, आणि त्यात ती एक. तिला परत ऐकायचंय. या वेळी पहिल्यापासून माहीत असेल की कडी लागणार आहे.

श्रुतिका


भांडुप, बुधवार, २६ नोव्हेंबर

मॅडम,

आज दुपारी संपलं.

सोमवारी पहिली तिचीच लावली. चाळीस सेकंद. लाल दिला. माऊस धवलने धरला होता, पण दाबलं मी. बाजूच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, भीती, तिने स्वतः शब्दात सांगितली आहे.

मग बाकीच्या. काही खरंच थट्टेच्या होत्या, पोरी पोरी हसत होत्या, मागे गाणं, कोणाचा तरी वाढदिवस. त्या हिरव्याच ठेवल्या. काही ऐकून धवल उठून बाहेर गेला. एकसष्टपैकी सव्वीस लाल केल्या. मी एकही शब्द लिहून घेतला नाही. एका क्लिपमध्ये असा काही शब्द आला की तुम्ही खुर्चीवरून उठला असतात. गेला तसा जाऊ दिला.

अठ्ठावन्नावी आज सकाळी लागली. ऑक्टोबरमध्ये ऐकलेली, वहीत पुढे ‘लाचे’ लिहिलंय, आणि कंसात माझ्या अक्षरात ‘लाज, मस्त’. एक बाई म्हणत होती, तुला लाचे नाही का, आई आहे माझी घरात. आवाज घोगरा.

मी हेडफोन काढून धवलला दिला. त्याने ऐकलं. मग मार्चची लावली, मग परत ही. तोच आवाज. त्याने तारीख बघितली.

“जून,” तो म्हणाला. “तेच वर्ष.”

म्हणजे मार्चमध्ये त्या कडीनंतर ती जगली, मॅडम. जूनमध्ये होती. आई होती तिच्याकडे, आणि आवाजात दम होता, मार्चपेक्षा जास्त. आणि तिने परत बटण दाबलं. आणि तिच्यावर मी दोनदा हिरवा दिला, आधी जूनची ऐकून, मग मार्चची. जूनच्या क्लिपच्या शेवटी काहीतरी काचेचं फुटतं आणि ती तिच्या आईला सांगते, आत जा.

लाल दिला. पुढे तिची क्लिप नाही. बॅच जुलैत संपते, त्यानंतरच्या आमच्याकडे नाहीत, असं धवल म्हणतो. नसेलही तसं. मी उरलेल्या तीन ऐकल्या, त्यात तिला शोधत होते, पण त्यांना पण पूर्ण ऐकलं. त्यांचे शेरे माझे मी दिले.

खाली आले तेव्हा शकुने माझं कार्ड घेतलं. पर्स तपासली. मग ते पाकीट बाहेर काढलं, उघडलं, आत बघितलं, रिकामं. म्हणाली, “मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता गं.” मला कोर्टापेक्षा ते जास्त लागलं. धवल म्हणाला, कोर्टाचं होईल असं वाटत नाही, पण शंभर टक्के सांगू शकत नाही. त्यामुळे ते आहेच.

आता वहीचं.

ती खाकी पाकिटात घालून गेटवरच्या कपाटात ठेवलीय, रजिस्टरमध्ये नोंद केलीय. माझ्या नंबरांच्या पानांच्या त्यांनी झेरॉक्स काढल्या, म्हणून मूळ वही सोडतील. मी मागितली. शकुने पहिलं पान उघडून दाखवलं. ‘उत्तरा मोडक, मुलुंड पूर्व.’ नियम असा आहे की जमा केलेली वस्तू तिच्यावर ज्याचं नाव आहे त्यालाच मिळते, ओळखपत्र बघून, सहीनिशी. दुसऱ्या कोणाला नाही, चिठ्ठी दिली तरी नाही. अडीच वर्षं मला जमलं नाही ते त्या रजिस्टरने केलं.

सोमवार ते शनिवार, अकरा ते चार. आधार कार्ड आणा. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. तीन महिन्यांत कोणी आलं नाही तर त्यांच्याकडे कागद यंत्रात घालून बारीक करतात.

एकविसाव्या पानावरचं तुमचं प्रश्नचिन्ह मी खोडलेलं नाही. शकुने पाकीट चिकटवायच्या आधी पेन्सिल मागून घेतली आणि शेजारी एवढंच लिहिलं, ऐकला. शोभत नसेल तर खोडा.

समोर रस्त्यापलीकडे रसवंती आहे. सोमवारपासून रोज अकराला मी तिथे उभी असेन. तुम्ही गेटमधून आत जाल, सही कराल, बाहेर याल, तेवढं बघेन. तुम्ही हाक मारल्याशिवाय रस्ता ओलांडणार नाही. आणि नाही मारलीत तरी पळणार नाही, तुम्ही वळून दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभी असेन.

श्रुतिका